इच्छा तीव्र आहे, तरी काम का होत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मनापासून हवं असेल तर माणूस काहीही मिळवतो, असं लहानपणापासून ऐकत आलो. नोकरी सांभाळून मला एका व्यावसायिक परीक्षेचा शेवटचा टप्पा पार करायचा आहे. सतत तोच विचार डोक्यात असतो, रात्री झोप लागत नाही. तरी अभ्यास होत नाही. म्हणजे माझी इच्छाच कमी पडते का? ती आणखी तीव्र कशी करायची? आणि घरच्यांना, मित्रांना हे ध्येय सांगून टाकलं तर जोर येईल का?’

तुमची इच्छा कमी पडत नाहीये. हे आधीच सांगून टाकते, कारण अशा अवस्थेत माणूस स्वतःला बोल लावत बसतो आणि निम्मी ताकद त्यातच जाते. ज्याला विचारांनी झोप लागत नाही, त्याला ‘इच्छा अजून वाढवा’ म्हणून सांगणं निरुपयोगी आहेच, शिवाय तो त्याने अधिकच खचतो.

समुपदेशक म्हणून मी बरीच वर्षं अशाच लोकांबरोबर काम करते आहे. कुणाला परीक्षा द्यायची असते, कुणाला व्यसन सोडायचं असतं, कुणाचा प्रबंध अर्धवट पडलेला असतो, कुणाला मोठ्या आजारातून पुन्हा उभं राहायचं असतं. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. इच्छा किती तीव्र आहे यावर फारसं काही अडत नाही. ती दिवसातल्या कुठल्या वेळी जागी असते आणि नेमकी कशाला चिकटलेली असते, यावर बरंच काही अडतं.

इच्छेचं महत्त्व मी कमी करत नाहीये. करता येण्यासारख्या शंभर गोष्टी असतात. त्यांतली एक निवडून बाकीच्यांवर पाणी सोडायचं तर आतून ओढ लागते. पुढे अडथळे आले की या ओढीची खरी गरज पडते. नापास झाल्यावर पुन्हा फॉर्म भरणं, चारचौघांनी नाकं मुरडली तरी हातातलं काम न सोडणं, हे नुसत्या वेळापत्रकाने होत नाही. ज्याला मनातून काही नकोच आहे त्याला कुठलंही तंत्र शिकवा, तो पहिल्या धक्क्याला घरी बसतो. पण इथवर येऊन लोक एक उडी मारतात: इच्छा लागते, म्हणजे इच्छा पुरते. यशस्वी माणसांच्या मुलाखतींनी हा समज आणखी घट्ट केला आहे. ‘मला ते हवंच होतं’ असं प्रत्येक जण सांगतो, आणि ते खरंही असतं. तितक्याच तळमळीने तेच हवं असलेली, पण न पोचलेली माणसं मात्र कुणी मुलाखतीला बोलवत नाही. त्यामुळे आपल्याला हिशेबाची एकच बाजू दिसत राहते.

दुसरी बाजू पाहायची तर अभ्यासकांकडे वळावं लागतं. थॉमस वेब आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ४७ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. या प्रयोगांत लोकांचा निश्चय मुद्दाम वाढवला होता आणि मग त्यांचं वागणं किती बदललं हे तपासलं होतं. निश्चय चांगलाच वाढला होता; वागण्यातला बदल मात्र त्याच्या साधारण निम्माच भरला. याहून बोलका प्रयोग मिल्न, ऑर्बेल आणि शीरन यांचा, २००२ मधला. २४८ विद्यार्थ्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला विशेष काही सांगितलं नाही. दुसऱ्याला व्यायामाचे फायदे आणि न करण्याचे धोके पटवून दिले. तिसऱ्यालाही तेच पटवलं, पण जोडीला एक वाक्य पूर्ण करायला लावलं: पुढच्या आठवड्यात अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी मी वीस मिनिटं व्यायाम करीन. आठवड्यानंतर पाहिलं तर पहिल्या गटातल्या ३८ टक्के मुलांनी व्यायाम केला होता. दुसऱ्या गटात ३५ टक्क्यांनी. तिसऱ्या गटात ९१ टक्क्यांनी.

दुसऱ्या गटाकडे नीट पाहा. व्यायाम करायची त्यांची इच्छा वाढली होती, तसं त्यांनी सांगितलंही होतं. तरी प्रत्यक्षात ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांच्यापेक्षा ते तसूभरही पुढे नव्हते. तुम्ही सध्या या दुसऱ्या गटात आहात, असं मला तुमच्या प्रश्नावरून वाटतं.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते. तुमच्यासारखीच परीक्षा देणारे एक गृहस्थ माझ्याकडे येत असत (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत). ‘माझ्यात जिद्द राहिली नाही,’ हे त्यांचं पहिलं वाक्य होतं. मी जिद्दीबद्दल काही बोलले नाही. म्हटलं, ‘गेल्या मंगळवारी संध्याकाळी घरात पाऊल टाकल्यापासून झोपेपर्यंत काय काय झालं, तेवढं सांगा.’ सव्वासातला घरी आले. बूट काढले, बॅग अभ्यासाच्या खुर्चीवर टाकली. ‘दहा मिनिटं टेकतो’ म्हणून सोफ्यावर बसले आणि फोन हातात घेतला. साडेआठला जेवण. जेवणानंतर वाटलं, आता पूर्ण प्रकरण काही होणार नाही, मग अर्धवट कशाला काढायचं? साडेदहापासून मन खायला लागलं. साडेअकराला अंथरुणात पडल्यावर मात्र इच्छा उसळून आली: बस्स, उद्यापासून पहाटे चारला उठायचं. त्याच भरात पहिल्या आलेल्या उमेदवारांचे व्हिडिओ एक वाजेपर्यंत पाहिले. चारचा गजर कधी बंद केला ते त्यांना आठवतही नव्हतं.

आता या माणसाला इच्छा नाही असं कोण म्हणेल? रात्री साडेअकराला ती भरपूर होती. पण साडेअकराला करण्यासारखं काहीच नव्हतं. ज्या क्षणी काही करता आलं असतं, म्हणजे सव्वासातला, बूट काढताना, त्या क्षणी ती जागी नव्हती. आम्ही फक्त त्या क्षणावर काम केलं. खुर्चीवर बॅग ठेवायची नाही, ती दाराशीच राहील आणि फोन तिच्यातच राहील. सकाळी निघतानाच वही टेबलावर उघडून, वर पेन्सिल ठेवून, सोडवायच्या गणिताला खूण करून जायचं. आणि वाक्य ठरलं: ‘बूट काढले की खुर्चीत बसून खूण केलेलं एक गणित सोडवीन, मग टेकेन.’ एकच गणित. त्यांना हे फारच किरकोळ वाटलं, जवळजवळ अपमान झाल्यासारखं. सुरुवातीला बऱ्याच दिवशी खरोखर एकच गणित झालं. पुढे एकाची दोन झाली, मग जेवणानंतरचा तासही आपोआप जोडला गेला. पुढच्या खेपेला ते पास झाले नाहीत. त्याच्या पुढच्या खेपेला झाले.

अशी घडी बसायला किती दिवस लागतात, हे लोक हमखास विचारतात, आणि ‘एकवीस दिवस’ हा आकडा कुठून तरी ऐकलेला असतो. तो डोक्यातून काढून टाका. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केलेल्या अभ्यासात एखादी साधी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. मधला एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं.

रात्रीची ती उसळी खोटी नसते. मेंदूत ‘हवंसं वाटणं’ आणि ‘आवडणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे केंट बेरिज यांनी मिशिगन विद्यापीठात उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाची यंत्रणा नष्ट केलेले उंदीर समोर अन्न असूनही खायला पुढे होईनात, उपाशी राहिले. पण जिभेवर गोड पाणी सोडलं तर त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीसारखीच पसंती उमटायची. आवड शाबूत होती, ओढ गेली होती. माणसांतही ही ओढ कुठल्या तरी खुणेने चाळवते: एखादा वास, एखादं दृश्य, एखादं भाषण. खूण गेली की तीही ओसरते. प्रेरणादायी व्हिडिओ पाहून अंगावर काटा येतो तो खराच असतो, पण त्या ओढीची खूण म्हणजे तो व्हिडिओ असतो, म्हणून माणूस पुढचा व्हिडिओ लावतो. खूण कामाशेजारी ठेवली तर ओढ कामाकडे नेते. उघडी वही आणि पेन्सिल यांचं काम तेवढंच होतं.

आता तुम्हाला एक प्रश्न. रात्री झोप लागत नाही तेव्हा तुम्ही डोळ्यांपुढे नेमकं काय पाहता? बहुतेक जण सांगतात: निकालाची यादी, त्यात आपलं नाव, आईचा चेहरा, ऑफिसातल्या लोकांचं अभिनंदन. हे पाहायला फार गोड वाटतं आणि इथेच मोठी गळती आहे. गॅब्रिएल ओटिंगेन यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या २५ स्त्रिया होत्या. आपलं वजन उतरेल असा विश्वास असलेल्या स्त्रियांचं वजन जास्त उतरलं, हे अपेक्षितच होतं. पण सडपातळ झालेल्या स्वतःची सुखद चित्रं रंगवणाऱ्यांचं वजन, तशी चित्रं न रंगवणाऱ्यांपेक्षा कमी उतरलं. नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांतही तेच दिसलं: सुखस्वप्नं जितकी जास्त, तितके अर्ज कमी आणि नोकऱ्याही कमी. पुढे २०११ मध्ये हेदर कॅप्स यांच्याबरोबर केलेल्या प्रयोगांत असं आढळलं की सुखद कल्पनाचित्र रंगवल्यावर माणसाचा वरचा रक्तदाब थोडा उतरतो, म्हणजे शरीर सैलावतं. जणू काम झालंच आहे.

विश्वास आणि स्वप्नरंजन यांतला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण बाजारात जे ‘डोळ्यांपुढे चित्र आणा’ म्हणून शिकवलं जातं त्यात दोन्हींची सरमिसळ असते. चित्र पाहायला माझी हरकत नाही. पण चित्र पाहून झालं की लगेच, तिथल्या तिथे, ‘माझ्यातलं काय आडवं येतं?’ हे विचारायचं. क्रमही हाच ठेवायचा: आधी हवं ते, मग आडवं येणारं. आणि आडवं येणारं म्हणजे बॉस, ट्रॅफिक, पेपर काढणारे नव्हेत. जेवणानंतर ‘आता पूर्ण होणार नाही’ असं म्हणणारं आपलं मन, ते आडवं येणारं. ते सापडलं की त्याच्यासाठी एक वाक्य: ‘असं मनात आलं की मी त्या प्रकरणाचं फक्त पहिलं पान वाचीन.’ रात्री विचार सुरू झाले तर उशाशी कागद ठेवा, उद्याची पहिली कृती त्यावर लिहा आणि दिवा मालवा.

इच्छा कुणाची आहे, हेही तपासायला हवं. केनन शेल्डन आणि अँड्र्यू इलियट यांनी १९९९ मध्ये दाखवलं की स्वतःच्या आवडीशी आणि मूल्यांशी जुळणाऱ्या ध्येयांसाठी लोक अधिक टिकून प्रयत्न करतात. अपराधी वाटू नये म्हणून किंवा कुणाच्या तरी धाकाने घेतलेल्या ध्येयांसाठी प्रयत्न लवकर विरतात. दुसऱ्या प्रकारची इच्छासुद्धा आतून तितकीच तीव्र भासते, म्हणून फसायला होतं. मी असं विचारते: ही परीक्षा तुम्ही पास झालात आणि ते कुणालाच कधी कळलं नाही, तर किती हवी आहे? उत्तर द्यायला लोक वेळ घेतात. काहींचा चेहरा पडतो. इथे माझं मत थोडं वेगळं आहे. पैसा, मान, घरच्यांचं समाधान यांसाठी काही हवं असणं यात हलकं काही नाही, आणि इच्छा अगदी शुद्ध असली पाहिजे असा आग्रह मी धरत नाही. पण रोजच्या कामातला निदान एक तुकडा तरी स्वतःला आवडणारा असावा. आकडे जुळल्यावर होणारा आनंद असो किंवा एखादा कायद्याचा पेच सुटल्यावरचा. तो तुकडा अजिबातच सापडत नसेल, तर वेळापत्रकाआधी ध्येयाचाच पुन्हा विचार करा.

आणि ‘हे मला जमेल का’ हा प्रश्न. व्हिक्टर व्रूम यांनी १९६४ मध्ये प्रेरणेचं गणित मांडलं ते गुणाकाराचं आहे: किती हवंय, गुणिले किती जमेलसं वाटतं. दुसरी संख्या शून्याजवळ गेली की पहिली कितीही मोठी करा, उत्तर शून्याजवळच राहतं. तीव्र इच्छा असूनही हात न हलणाऱ्या पुष्कळ लोकांचं दुखणं हेच असतं. मनात खोल कुठेतरी त्यांनी निकाल लावून टाकलेला असतो. ‘तुला जमेल’ असं सांगून ही संख्या फारशी वाढत नाही. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं तसं, ती सर्वांत जास्त वाढते ती स्वतः काहीतरी करून दाखवल्याने, मग ते कितीही लहान असो.

हे मला एका आजींनी सर्वांत स्पष्ट दाखवलं. पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. ‘हात पहिल्यासारखा व्हायला हवा’ एवढंच त्या म्हणायच्या आणि रडायच्या. फिजिओथेरपिस्टने दिलेला मऊ चेंडू उशाशी तसाच पडून असायचा. सगळी कामं डावा हात करायचा, त्यामुळे उजवा आणखी मागे पडत होता. एडवर्ड टॉब यांनी याच सवयीवर बोट ठेवून चांगला हात बांधून ठेवण्याची उपचारपद्धत विकसित केली आहे. आजींना मी विचारलं, हात बरा झाला तर पहिल्यांदा काय कराल? त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘नातीची वेणी घालीन.’ फिजिओथेरपिस्टशी बोलून आम्ही खुर्चीच्या पाठीला लोकरीचे तीन जाड पेड बांधले: लाल, पिवळा, निळा. सुरुवातीला उजव्या हाताने फक्त लाल पेड धरून ठेवायचा, विणकाम डाव्या हाताने. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत तो पेड क्षणभरच टिकायचा आणि सुटायचा. सुटला की त्या स्वतःच उचलून पुन्हा चिमटीत देत. ज्या दिवशी पेड एका वळशापुरता टिकला, त्या दिवसापासून चेंडूचा व्यायाम त्यांनी न सांगता सुरू केला. हात पहिल्यासारखा झाला नाही. वेणी मात्र घालू लागल्या, सैलसर. ‘पहिल्यासारखा हात’ ही इच्छा वेणीपेक्षा कितीतरी मोठी होती, पण तिला धरायला जागाच नव्हती.

तुमच्या बाबतीत तो लाल पेड कुठला, ते शोधा. अख्खा विषय नको, अख्खा पेपर नको. मागच्या वेळी थोडक्यात हुकलेलं एखादं प्रकरण घ्या आणि त्यातला एक प्रश्नप्रकार डोळे मिटून यायला लागेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका.

इच्छा अति झाली तर? तेही होतं. सगळं आयुष्य एका निकालाला टांगलं की परीक्षेच्या हॉलमध्ये हात थरथरतो आणि येणारं उत्तरही आठवत नाही. अशा वेळी मी ध्येय लहान करायला सांगत नाही, आयुष्यात दुसरं काहीतरी शिल्लक ठेवायला सांगते: खेळ, मित्र, गाणं, काहीही.

आणि सोडून देणं हाही एक मार्ग आहे, तो लाजिरवाणा नाही. कार्स्टन व्रॉश यांच्या संशोधनात असं दिसतं की खरोखर हाताबाहेर गेलेलं ध्येय जे सोडू शकतात आणि दुसरं धरू शकतात, त्यांचं मन अधिक स्वस्थ राहतं. पण तुम्ही त्या टप्प्यावर आहात असं मला वाटत नाही. ज्याने नीट अभ्यास करून पाहिलाच नाही, त्याला ते हाताबाहेर आहे की नाही हे अजून कळायचं आहे. आधी पुढच्या परीक्षेपर्यंत रोजचं ते एक गणित सोडवा. मग हा निर्णय घ्या.

राहिला सांगण्याचा प्रश्न. ध्येय जाहीर करू नका. पीटर गोल्विट्झर यांनी २००९ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. ज्यांचा ‘चांगला वकील होण्यासाठी कसून अभ्यास करीन’ हा निश्चय दुसऱ्याने वाचून मान्य केला, त्यांनी नंतर अभ्यासाला कमी वेळ दिला; ज्यांचा निश्चय कुणी पाहिलाच नाही, त्यांनी जास्त दिला. लोकांनी मान डोलावली की आपण अर्धे पोचलोच असं वाटायला लागतं. पण प्रगती सांगण्याचा परिणाम उलटा होतो. २०१६ मध्ये १३८ अभ्यासांचा आढावा घेतला गेला, त्यात प्रगतीची नोंद ठेवल्याने ध्येय गाठायला मदत होते आणि ती नोंद दुसऱ्याला कळवल्याने ही मदत आणखी वाढते, असं दिसलं. तेव्हा ‘मी पास होणारच’ हे कुणालाही सांगू नका. एक मित्र निवडा आणि दर रविवारी त्याला त्या आठवड्यात सोडवलेल्या गणितांचा आकडा पाठवा, शून्य असला तरी. मित्र असा निवडा, जो शाबासकी देणार नाही आणि रागावणारही नाही. आकडा आला नाही तर मात्र सोमवारी सकाळी ‘काय झालं?’ म्हणून विचारील.